डी अँड डी ची बिल्ड गाइडं आणि व्हिडिओ समजून घ्यायचे कसे? फाशाच्या हिशोबापासून आपल्या टेबलापर्यंत

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा कथेचा खेळ, खेळायला लागलं की थोड्या सेशननंतर (सेशन म्हणजे खेळाची एक बैठक) बऱ्याच जणांना एक प्रश्न पडतोच, की माझं कॅरेक्टर बाकीच्यांच्या मागे का पडतंय. शेजारच्याचा बार्बेरियन एका टर्नमध्ये ओगर लोळवतो आणि आपले दोन्ही फटके हवेत जातात. मग यूट्यूब उघडलं जातं, तिथे चाळीस चाळीस मिनिटांचे व्हिडिओ, समोरचा माणूस फाडफाड बोलतोय डीपीआर, नोव्हा, टू लेव्हल डिप, अ‍ॅक्शन इकॉनॉमी, आणि आपल्याला निम्मंही कळत नाही. लेखी गाइड उघडलं तर पानंच्या पानं निळ्या हिरव्या लाल रंगात रंगलेली. अशा वेळी नवा माणूस काय करतो तर शेवटचं उत्तर तेवढं उचलतो, "हा बिल्ड (कॅरेक्टरच्या निवडींची जुळणी) बेस्ट" म्हटलंय ना, झालं, तसाच्या तसा शीटवर उतरवतो, आणि मग टेबलावर तो चालत नाही.

कुठला बिल्ड घ्या हे इथे सांगणार नाहीये. ही गाइडं आणि व्हिडिओ बनवणारे लोक नेमका काय हिशोब करतात आणि तो आपल्या टेबलावर कधी लागू होतो, कधी नाही, ते उलगडून बघायचंय. प्रत्येक गाइड म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी टेबलावरच्या प्रश्नाचं उत्तर असतं, तो प्रश्न काय होता हे ओळखता आलं की मग ते उत्तर वापरायचं का सोडून द्यायचं हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

थोडा पाया आधी. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, आज बहुतेक जण जो खेळतात ती २०१४ ची पाचवी आवृत्ती किंवा तिचीच २०२४ मध्ये सुधारलेली पुस्तकं. कॅरेक्टर ऑप्टिमायझेशन म्हणजे क्लास (फायटर, विझर्ड असा पेशा), सबक्लास (त्यातली शाखा), अ‍ॅबिलिटी स्कोर, फीट (खास कौशल्य), स्पेल (मंत्र) या सगळ्या निवडींची अशी जुळणी करायची की कॅरेक्टरने जे करावं असं तुमच्या मनात आहे ते त्याला खरोखर जमावं. सगळ्यात जास्त डॅमेज काढणं हा त्यातला एक भाग झाला. ज्याला माणसांना गोडीगुलाबीने बोलतं करणारा बार्ड खेळायचाय त्याचा परसुएशनचा बोनस वाढवणं हेही ऑप्टिमायझेशनच.

आता फासा. हल्ला करताना वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा, बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी (त्याला फटका लागणं किती अवघड तो आकडा) किंवा त्याहून जास्त आली की फटका लागला. बाजू वीस, म्हणजे प्रत्येक बाजूची शक्यता ५ टक्के, म्हणजे +१ चा बोनस हा जवळपास नेहमी ५ टक्क्यांचा फायदा. हे एकदा डोक्यात बसलं ना की अर्धे व्हिडिओ आपोआप कळायला लागतात. पाचव्या आवृत्तीत आकडे मुद्दाम आवरून धरलेत, प्रोफिशियन्सी बोनस (सरावाचा, लेव्हलबरोबर वाढणारा बोनस) पहिल्या लेव्हलला +२ आणि पार सतराव्या लेव्हलला जाऊन +६, त्यामुळे एकेक +१ कमवायला लोक एवढी धडपड करतात. पॉइंट बायमध्ये, म्हणजे ठरावीक पॉइंट खर्चून स्कोर विकत घ्यायच्या पद्धतीत, पण हेच दिसतं, २७ पॉइंट मिळतात, स्कोर ८ पासून १५ पर्यंत नेता येतो, १३ पर्यंत एकेक पॉइंट लागतो पण १४ ला एकूण ७ आणि १५ ला ९, म्हणजे शेवटच्या दोन पायऱ्या दुप्पट महाग. आणि मॉडिफायर, म्हणजे त्या स्कोरमुळे फाशात मिळणारा बोनस, सम आकड्यालाच वाढतो, १५ आणि १४ दोघांचाही +२ च, म्हणून गाइडवाले १५ तिथेच घेतात जिथे वरून +१ मिळून त्याचा १६ होणार असतो.

डीपीआर म्हणजे डॅमेज पर राउंड, एका राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक राउंड) सरासरी किती डॅमेज. हिशोब असा, फटका लागायची शक्यता गुणिले सरासरी डॅमेज, अधिक क्रिटिकलच्या (फाशावर २० आल्याच्या) ५ टक्क्यांत जे जादा फासे मिळतात त्यांची सरासरी. एक उदाहरण पूर्ण करून बघू, कारण हे एकदा स्वतः केल्याशिवाय व्हिडिओतल्या आलेखांवर विश्वास ठेवायचा का नाही हे कळणारच नाही.

पाचव्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंथ १८, म्हणजे +४ आणि प्रोफिशियन्सी +३, एकूण +७. हातात ग्रेटस्वोर्ड, दोन सहा बाजूंचे फासे, सरासरी ७, अधिक ४, झाले ११. समोर आर्मर क्लास १५. फाशावर ८ किंवा वर यायला हवं, म्हणजे ६५ टक्के. ११ चे ६५ टक्के ७.१५, अधिक क्रिटिकलचे ०.३५, एका फटक्याचे ७.५, पाचव्या लेव्हलला दोन फटके म्हणून १५. आता २०१४ च्या पुस्तकातलं गाजलेलं फीट, ग्रेट वेपन मास्टर, हल्ल्याच्या बोनसमधून ५ वजा करा आणि लागला तर डॅमेजमध्ये १० मिळवा (तेव्हाच्या नियमांत पाचव्या लेव्हलला १८ स्ट्रेंथ पण आणि हे फीट पण, हे जमवायला लोक व्हेरियंट ह्यूमन घ्यायचे). शक्यता ६५ वरून ४० वर आली, डॅमेज २१ झालं, हिशोब केला तर दोन फटक्यांचे १७.५. म्हणजे फायदा आहे, पण अडीचचाच. समोरच्याचा आर्मर क्लास १८ असेल तर? साध्या फटक्यांचे ११.७ आणि फीट वापरून ११.२, म्हणजे चक्क तोटा.

मग हे फीट एवढं का गाजलं? अ‍ॅडव्हांटेजमुळे. अ‍ॅडव्हांटेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. आर्मर क्लास १५ समोर अ‍ॅडव्हांटेज असेल तर साध्या फटक्यांचे साधारण २०.७ आणि फीट लावून २८.२. बार्बेरियन रेकलेस अ‍ॅटॅकने दर टर्नला स्वतःच अ‍ॅडव्हांटेज घेऊ शकतो, म्हणून बार्बेरियनच्या गाइडमध्ये हे फीट सगळ्यात वरच्या रंगात दिसायचं. तेच फीट अशा फायटरने घेतलं ज्याला कुणीच अ‍ॅडव्हांटेज मिळवून देत नाही, आणि डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) चिलखतवाले शत्रूच जास्त आणतो, तर तो फायटर सारखा हुकणार. फीट वाईट नव्हतं, ज्या जोडणीसाठी त्याची शिफारस होती ती जोडणीच या टेबलावर नव्हती.

अजून एक आकडा शेजारी ठेवा. ट्रीन्टमॉन्क नावाचा एक जुना ऑप्टिमायझर आहे, थर्ड एडिशनच्या काळापासून विझर्डची गाइडं लिहिणारा, आता यूट्यूबवर व्हिडिओ करतो. त्याने डॅमेज मोजायला एक मापदंड ठरवलाय, एल्ड्रिच ब्लास्ट हा किरणांचा स्पेल मारणारा वॉरलॉक, त्यावर डॅमेज वाढवणारे अ‍ॅगोनायझिंग ब्लास्ट आणि हेक्स, बस्स. पाचव्या लेव्हलला करिश्मा १८ असेल तर दोन किरणं, प्रत्येकी सरासरी १३, आर्मर क्लास १५ समोर राउंडला १७.८. आता वरचा फायटर बघा, अ‍ॅडव्हांटेजशिवाय फीट खर्चून १७.५. हा मापदंड मला फार आवडतो, कारण तो "भरपूर डॅमेज" या हवेतल्या बोलण्याला जमिनीवर आणतो. एखादा व्हिडिओ म्हणाला की या बिल्डचे १६ येतात, तर एक साधा वॉरलॉक लांब उभा राहून तेवढं करतोच आहे, मग या बिल्डने दुसरं काहीतरी द्यायला हवं, चिवटपणा द्या, कंट्रोल द्या, काहीतरी द्या. व्हिडिओ बघताना पहिली गोष्ट हीच शोधायची, की तुलना कशाशी चाललीय. कशाशीच नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

पण डीपीआर मोजता येतो म्हणून लोक फक्त तोच मोजतात, आणि इथे माझा खरा आक्षेप आहे. चार ओगर घ्या, २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले, प्रत्येकी ५९ हिट पॉइंट (ते संपले की मेला). तुमच्याकडे पाचव्या लेव्हलची विझर्ड, इंटेलिजन्स १८, स्पेल सेव्ह डीसी १५ (शत्रूने फासा आणि बोनस मिळून हा आकडा गाठला की तो वाचतो, तेच सेव्ह). तिने फायरबॉल टाकला, आठ फासे, सरासरी २८, सेव्ह केलं तर निम्मं. ओगरचा डेक्स्टेरिटी सेव्ह -१, म्हणजे चारातला एक वाचेल, सरासरी प्रत्येकी २४.५, चौघांचे मिळून ९८. ९८! कुठल्याही आलेखात हा खांब छताला लागेल. पण मेले किती? एकही नाही. चारही ओगर पुढच्या टर्नला तेवढ्याच जोरात सोटा हाणणार, तुमचा आर्मर क्लास १६ धरला तर चौघांचे मिळून राउंडला साधारण ३० हिट पॉइंट जाणार.

आता तिने फायरबॉलऐवजी तेवढ्याच लेव्हलचा हिप्नॉटिक पॅटर्न टाकला असता तर? विझडम सेव्ह, ओगरचा विझडम ७, म्हणजे -२, फाशावर १७ आलं तरच वाचेल, ८० टक्के फसणार. चारातले साधारण तीन जागच्या जागी खुळ्यासारखे उभे. डॅमेज शून्य. पण आता तुमची अख्खी पार्टी एका ओगरवर तुटून पडते, तो मेला की दुसऱ्याला उठवायचा. अट एकच, बाकीच्यांना धक्का लावायचा नाही, कारण डॅमेज झालं की तो ओगर शुद्धीवर येतो, आणि एखाद्या शत्रूने आपली अ‍ॅक्शन खर्चून साथीदाराला हलवलं तरीही येतो. अ‍ॅक्शन इकॉनॉमी म्हणतात ती हीच, कुठल्या बाजूला किती कामं करायला मिळतात. चार विरुद्ध चार होतं, ते चार विरुद्ध एक झालं. ट्रीन्टमॉन्कच्या त्या जुन्या विझर्ड गाइडचं सगळं म्हणणं याच अंगाने होतं, विझर्डने स्वतः मारत बसू नये, लढाईचं मैदान असं करून ठेवावं की बाकीचे सहज जिंकतील. मी ऑप्टिमायझेशनबद्दल जे काही वाचलंय त्यात एवढं उपयोगी दुसरं काही नाही.

आणि लगेच उलट बाजू पण बघा. ओगरच्या जागी वीस गॉब्लिन ठेवा, ७ हिट पॉइंटवाले. फायरबॉलमधून सेव्ह करून निम्मं डॅमेज घेतलं तरी सरासरी १४, टप्प्यात आलेला जवळपास प्रत्येक जण मेला. इथे हिप्नॉटिक पॅटर्न घेऊन बसणं म्हणजे वेळ घालवणं. आणि चार्म होतच नाहीत, म्हणजे ज्यांना भूल पडतच नाही, असे शत्रू असतील तर तो स्पेल वहीत नुसता पडून राहणार. तर "फायरबॉल भारी का हिप्नॉटिक पॅटर्न" या प्रश्नाचं उत्तर समोर कोण उभं आहे यावर आहे, आणि ते तुमच्या डीएमला माहीत, व्हिडिओवाल्याला नाही.

हिप्नॉटिक पॅटर्नला कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे एका वेळी असा एकच स्पेल चालू ठेवता येतो आणि मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मं, जे जास्त असेल ते. त्यामुळे स्पेलवाल्यांच्या प्रत्येक गाइडमध्ये एक वाद असतोच, वॉर कास्टर हे फीट घ्यायचं का रेझिलियंट. वॉर कास्टरने त्या सेव्हला अ‍ॅडव्हांटेज मिळतं, रेझिलियंटने प्रोफिशियन्सी मिळते. कॉन्स्टिट्यूशनचा +२ धरा आणि डीसी १०. काहीच फीट नसेल तर ६५ टक्के, वॉर कास्टरने ८७.७५. पाचव्या लेव्हलला रेझिलियंटने ८० टक्के, नवव्या लेव्हलला ८५, आणि तेराव्या लेव्हलला ९०, म्हणजे तिथे रेझिलियंट पुढे जातं. दोन गाइडं दोन उलटी उत्तरं देत असतील आणि दोघांचंही बरोबर असू शकतं, एकाने पाचवी लेव्हल डोळ्यासमोर ठेवलीय, दुसऱ्याने पंधरावी. तुमचं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) आठव्या लेव्हलला संपणार असेल तर पंधराव्या लेव्हलचं शहाणपण तुमच्या काय कामाचं?

लेव्हलचा हा मुद्दा मल्टिक्लासमध्ये, म्हणजे एकाच कॅरेक्टरला दोन क्लास देताना, तर फारच नडतो. "डिप" म्हणजे दुसऱ्या क्लासच्या एक-दोन लेव्हल चाखून परत मूळ क्लासवर यायचं. व्हिडिओत बारावी लेव्हल दाखवतात तेव्हा तो बिल्ड झळाळत असतो. पण पाचव्या लेव्हलला फायटर, पॅलाडिन, रेंजर, बार्बेरियन यांना एक्स्ट्रा अ‍ॅटॅक मिळतो, विझर्ड, क्लेरिक वगैरेंना तिसऱ्या लेव्हलचे स्पेल मिळतात (स्पेलची लेव्हल कॅरेक्टरच्या लेव्हलहून वेगळी मोजतात), हा सगळ्या खेळातला सगळ्यात मोठा टप्पा, आणि पॅलाडिनने आधीच वॉरलॉकच्या दोन लेव्हल घेऊन ठेवल्या असतील तर त्याला तो सातव्या लेव्हलला मिळणार. दर आठवड्याला सेशन होत नसेल, महिन्यातून एकदा सगळ्यांच्या सुट्ट्या जुळत असतील, तर या दोन लेव्हल म्हणजे कित्येक महिने मित्रांच्या मागे लंगडत चालणं. म्हणून चांगलं गाइड कुठलं, तर जे एकेक लेव्हल चढत जातं आणि तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या लेव्हलला तुम्ही नेमकं काय करत असाल ते सांगतं. डीफोर नावाचं चॅनेल आहे, ते बिल्ड असे लेव्हल-दर-लेव्हल उलगडतं आणि आकडेही वेळोवेळी मांडतं, त्या पद्धतीने विचार करायची सवय लागणं हे त्या एका बिल्डपेक्षा मोलाचं.

प्रत्येक गाइडमागे आणखी काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, आणि त्या बऱ्याचदा लिहिलेल्याच नसतात. २०१४ च्या नियमांत फीट आणि मल्टिक्लास हे दोन्ही ऐच्छिक आहेत, डीएम नाही म्हणू शकतो, तरी जवळपास सगळी गाइडं ते आहेतच असं धरून चालतात. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडने एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी धरल्या होत्या, आणि प्रत्यक्षात कित्येक टेबलांवर एका दिवसात एकच मोठी लढाई होते. याचा परिणाम केवढा होतो बघा. दिवसाला एकच लढाई असेल तर पॅलाडिन आपले सगळे स्पेल स्लॉट (स्पेल टाकायचा ठरावीक कोटा) स्माइटमध्ये, म्हणजे फटक्याला जोडायच्या जादा डॅमेजमध्ये, एकदम ओतून टाकतो, यालाच नोव्हा म्हणतात, आणि विझर्डला काटकसर करायची गरजच उरत नाही. सहा लढाया आणि मधे दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) असतील तर वॉरलॉकचे स्लॉट दर वेळी परत येतात आणि फायटरचा अ‍ॅक्शन सर्ज (एका टर्नमध्ये जादा हल्ला करायची सोय) पण. तोच क्लास एका टेबलावर राजा आणि दुसऱ्यावर कोपऱ्यात, नियम एका अक्षरानेही न बदलता. तर डीएमला हे विचारून घ्या, दिवसात साधारण किती लढाया असतात, शॉर्ट रेस्ट घ्यायला मिळते का, जादूची हत्यारं कितपत देणार, कॅम्पेन कुठल्या लेव्हलपर्यंत न्यायचा विचार आहे. ही उत्तरं मिळाली की निम्मी गाइडं आपोआप बाद होतात आणि उरलेली खरंच उपयोगी पडतात.

साल बघणं तर सगळ्यात आधी. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकने इतक्या गोष्टी बदलल्या की जुनं गाइड डोळे झाकून वापरलं तर फसायलाच होतं. वरचंच ग्रेट वेपन मास्टर घ्या, आता -५/+१० गेलं, त्याऐवजी हेवी हत्याराने अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनमध्ये फटका लागला की प्रोफिशियन्सी बोनसइतकं जादा डॅमेज, आणि फीटबरोबर स्ट्रेंथ +१. आपल्या फायटरचा हिशोब परत केला तर आर्मर क्लास १५ समोर १८.९, १८ समोर १४.७, अ‍ॅडव्हांटेज असताना साधारण २५.९. म्हणजे एरवी जुन्यापेक्षा बरं आणि अ‍ॅडव्हांटेजमध्ये जुन्यापेक्षा कमी, जुगार गेला आणि स्थिरता आली. मला हा बदल पटला. पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट आता स्पेल झालाय आणि त्याला बोनस अ‍ॅक्शन लागते, जी टर्नमध्ये एकच मिळते, त्यामुळे दोन फटक्यांवर दोन स्माइट हा जुना नोव्हा संपला. क्युअर वूंड्सचा एक फासा होता त्याचे दोन झाले. सबक्लास सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळतो, त्यामुळे एका लेव्हलच्या डिपमध्ये सबक्लास उचलायची युक्ती नव्या नियमांत चालत नाही. २०२४ च्या आधीच्या व्हिडिओत "हेक्सब्लेडची (हा वॉरलॉकचा एक सबक्लास) एक लेव्हल घ्या" ऐकलं की आधी आपल्या टेबलावर कुठलं पुस्तक चाललंय ते तपासा.

बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळून इकडे आलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये तो गेम आल्यापासून आपल्याकडेही बरेच जण त्याच वाटेने डी अँड डी कडे आलेत. तो गेम पाचव्या आवृत्तीवर आधारलेला आहे पण नियम जागोजागी वेगळे. तिथे लेव्हल १२ ला थांबते, मल्टिक्लास करायला अ‍ॅबिलिटी स्कोरची अट नाही, शव्ह (शत्रूला ढकलणं) बोनस अ‍ॅक्शनमध्ये करता येतो, आणि टॅव्हर्न ब्रॉलर हे तिथलं गाजलेलं फीट टेबलावरच्या पुस्तकात त्या ताकदीचं नाहीच. त्या गेमचे बिल्ड व्हिडिओ सुंदर असतात, पण त्यातलं उत्तर इकडे आणायचं नाही, विचार करायची पद्धत आणायची.

लेखी गाइड आणि व्हिडिओ यांचं काम वेगळं. आरपीजीबॉटसारख्या ठिकाणची लेखी गाइडं रंगांची भाषा वापरतात, लाल म्हणजे टाळा, केशरी म्हणजे ठीक किंवा क्वचित कामाचं, हिरवा चांगला, निळा उत्तम. दुसऱ्या गाइडमध्ये रंगांचा अर्थ बदलतो म्हणून सुरुवातीची किल्ली वाचायची. रंगापेक्षा रंगापुढचं वाक्य महत्त्वाचं असतं, तिथे "का" लिहिलेलं असतं, आणि ते "का" तुमच्या टेबलाला लागू नसेल तर निळ्याचा केशरी व्हायला वेळ लागत नाही. शोधायला, परत बघायला, लेव्हल चढताना उघडायला लेखी गाइड बरं. व्हिडिओत माणूस विचार कसा करतो ते ऐकायला मिळतं, डंजन ड्यूड्सच्या व्हिडिओत दोघं जण समोरासमोर बोलतात त्यामुळे एखादा क्लास प्रत्यक्ष टेबलावर कसा वाटतो हे जास्त कळतं, आकडे कमी. टिअर लिस्ट (क्लास किंवा बिल्डची वर-खाली क्रमवारी) मात्र शिकायला सगळ्यात कमी उपयोगी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे निकाल दिसतो आणि हिशोब लपतो. आणि कुठल्याही गाइडच्या आधी आपल्या क्लासची पुस्तकातली पानं स्वतः वाचायची, हे कंटाळवाणं वाटलं तरी करायचंच, नाहीतर गाइड कशाबद्दल बोलतंय तेच कळत नाही. पुस्तकं आपल्याकडे महाग पडतात हे खरं, पण नियमांचा मोठा भाग एसआरडी (नियमांचा खुला दस्तऐवज) म्हणून फुकट आहे, ५.१ जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला आणि नव्या नियमांचा ५.२ हा २०२५ मध्ये आला. त्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आहे, पण शिकायला तेवढं भरपूर.

काही व्हिडिओ निव्वळ करामती दाखवतात. थर्ड एडिशनच्या ३.५ नियमांत पुन-पुन नावाचा एक कोबोल्ड होता, कागदावर त्याची ताकद अक्षरशः अमर्याद व्हायची. तो खेळण्यासाठी बनवलेलाच नव्हता, नियमांची भगदाडं कुठपर्यंत जातात हे बघायचा तो अभ्यास होता. पाचव्या आवृत्तीत कॉफीलॉक, वॉरलॉकचे शॉर्ट रेस्टला परत येणारे स्लॉट सॉर्सररच्या पॉइंटमध्ये बदलायचे, त्यांचे परत स्लॉट करायचे, आणि कधी झोपायचंच नाही. यावर २०१७ च्या झानाथारच्या पुस्तकात झोप न घेतल्याने थकवा येण्याचा ऐच्छिक नियम आला. अशा गोष्टी वाचायला मला मनापासून आवडतं, नियम आतून कसे जोडलेत हे त्यातून फार छान कळतं. पण अक्षराप्रमाणे नियम आणि नियमाचा हेतू या दोन्हीत अंतर असेल तिथे टेबलावर निर्णय डीएमचा, म्हणून ज्या बिल्डचा सगळा डोलारा एका वाक्याच्या सोयीच्या अर्थावर उभा आहे तो घ्यायच्या आधी डीएमला विचारायचं.

ऑप्टिमाइझ करणारा माणूस रोलप्ले करत नाही असं अजूनही बोललं जातं, आणि ते ऐकलं की वाईट वाटतं. ३.५ च्या काळातच या समजाला स्टॉर्मविंड फॅलसी असं नाव पडलंय, एक गोष्ट चांगली केल्याने दुसरी आपोआप वाईट होत नाही. उलट ज्या योद्धीची कीर्ती गावोगावी आहे असं तुम्ही पार्श्वकथेत लिहिलंय तिने चार फटक्यांत एक लागावा आणि बाकी हवेत जावेत, याने कथाच खोटी पडते. त्रास होतो तो वेगळ्या कारणाने. एक जण इतका पुढे निघून जातो की डीएम त्याच्या हिशोबाने शत्रू आणतो आणि बाकीचे तिघे नुसते मरायला उरतात. इथे सगळ्यात चांगलं वापरता येतं ते ज्ञान म्हणजे दुसऱ्यांना वर उचलणारं. ब्लेस बघा, पहिल्या लेव्हलचा स्पेल, तीन जणांच्या हल्ल्यांना आणि सेव्हना चार बाजूंचा फासा जादा, सरासरी अडीच, म्हणजे १२.५ टक्के. आपला तो जुन्या नियमांचा फायटर, फीट लावून ४० टक्क्यांवर अडकलेला, तो ५२.५ वर जातो आणि त्याचे १७.५ चे २२.७५ होतात. सव्वापाच डॅमेज वाढलं आणि मजा त्याला आली, शिवाय अजून दोघांना तेच मिळालं. ज्याला हिशोब येतो त्याने टेबलावर ब्लेसवाला क्लेरिक किंवा मैदान बांधणारी विझर्ड खेळावी असं मी नेहमी सुचवते, सगळ्यांचं कॅरेक्टर चांगलं चालतं आणि कुणाच्या डोळ्यात खुपत नाही.

सुरुवात करायची तर सिंगल क्लास, आणि पाचव्या लेव्हलपर्यंतचाच विचार. वर केलेला तो एक हिशोब आपल्या कॅरेक्टरचे आकडे घालून करायचा, आर्मर क्लास १३, १५ आणि १८ समोर, कागदावर दहा मिनिटांचं काम आहे. मग टेबलावर दोन-तीन सेशन बघायचं की कशामुळे अडतंय, फटके लागत नाहीयेत, का लागतात पण आपण लवकर आडवे होतो, का लढाईबाहेर करायला काहीच नसतं, कारण या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि गाइडमध्ये तिन्ही वेगळ्या ठिकाणी असतात. जे सहज बदलता येतं त्यावर आधी प्रयोग करा, क्लेरिक आणि विझर्ड लॉन्ग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) तयार केलेले स्पेल बदलू शकतात, २०२४ च्या नियमांत फायटर तेव्हाच वेपन मास्टरीचं एक हत्यार बदलू शकतो आणि विझर्ड एक कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा छोटा स्पेल). फीट आणि मल्टिक्लास मागे घेता येत नाहीत, निदान डीएमने परवानगी दिल्याशिवाय तरी नाही, म्हणून चौथी लेव्हल येईपर्यंत आपल्याला खरंच काय कमी पडतंय ते वहीच्या कोपऱ्यात लिहीत राहा आणि मगच त्या एका फीटसाठी गाइड उघडा.